गाडीला लागलेला चुना

कामासाठी सहा दिवस बाहेर होते. गाडी सार्वजनिक वाहनतळाच्या तळघरात लावून गेले होते. परत आले ती रात्री साडेदहाला, हातात बॅग, डोळ्यांवर झोप. बॉनेटवर आणि टपावर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा कबुतरांना शिव्या दिल्या आणि गाडी काढून घरी आले. तळघरात कबुतरं कुठून येणार, हा विचार जिना चढताना सुचला.

सकाळी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर ठिपके हलेनात. नखाने एक खरवडला. टवका निघाला, पण त्याच्याखाली रंगावर एक गोल वळं उरलं, ओला पेला लाकडी टेबलावर ठेवून उचलला की उरतं तसं. बोट फिरवलं तर कडेला किंचित खरखर लागत होती. तिथेच हात आवरला. त्या आठवड्यात मी केलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट. दुसरी नकळत आधीच करून ठेवली होती, ती पुढे येईल.

दुपारी परत तळघरात गेले आणि मान वर करून पाहिलं. माझी गाडी उभी होती त्या ब-१४ या खांबाजवळ छताला केसाएवढी भेग होती आणि तिच्या कडेने पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या. पोकळ, पेन्सिलीहून बारीक, सर्वांत लांब नळी माझ्या करंगळीएवढी. प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब फुगून बसलेला. मोबाइलवर वेळ लावून खाली उभी राहिले. एका नळीतून एक थेंब पडला की दुसरा पडायला साधारण चार मिनिटं लागत होती. म्हणजे तासाला पंधरा, आणि सहा दिवसांत एकाच नळीचे दोन हजारांवर थेंब. आणि नळ्या मोजल्या तर नऊ.

पण मला खरी जागं करणारी गोष्ट शेजारी होती. ब-१५ च्या जागेवर छताखाली पत्र्याची पन्हळ ठोकलेली होती, गळणारं पाणी गोळा करून भिंतीकडे नेणारी. ती बरोबर ब-१४ च्या पांढऱ्या रेषेपाशी येऊन संपत होती. पत्र्याला गंज चढलेला, म्हणजे ती कालपरवाची नव्हती.

मी फोटो काढत असताना तिथले रखवालदार काका आले. काय झालं ते ऐकून हळहळले आणि म्हणाले, "तिथं मी कुणाला लावू देत नाही ताई. लाल शंकू ठेवतो. तुम्ही पहाटे आला असाल, तेव्हा दुसरा होता ड्यूटीला."

हे वाक्य भरपाईच्या दाव्याच्या दृष्टीने सोन्यासारखं होतं हे तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा ते वापरायचं नाही असं ठरवलं. त्याबद्दल नंतर.

माझी धाकटी जाऊ शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिला फोटो पाठवले, तर तिने फोनवरच तास घेतला. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं तेव्हा त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. भेगेतून पाणी झिरपलं की तो चुना विरघळवत खाली येतं. छताखाली हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचा खडूसारखा थर बनतो, त्याच्याच त्या नळ्या. आणि जो थेंब खाली पडतो तो तीव्र अल्कली असतो. गाडीच्या रंगावर तो बसला की आधी चावतो, मग वाळून चिकटतो. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून पीएच पट्ट्या, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्कली आहे ते रंगावरून दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या, घेऊन आली. नळीखाली पट्टी धरून आम्ही दोघी चार मिनिटं वाट पाहत उभ्या होतो, येणारे-जाणारे आमच्याकडे पाहत होते. थेंब पडला, पट्टी जांभळट निळी झाली आणि रंगतक्त्यावर १२ च्या घरात गेली. साबणाचं पाणी ९-१० च्या आसपास असतं, आणि या मोजमापात एक अंक वाढला की तीव्रता दहा पट होते. पट्टी, तक्ता आणि मागे खांबाचा आकडा, असा तिघांचा एकत्र फोटो काढला.

गाडीला चुना लावला हे मी तोवर वाक्प्रचार म्हणून वापरत होते.

आता कार्यालय. वाहनतळाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाकडे दोनच छापील अर्ज होते: एक चोरीचा, एक वाहनांच्या धडकेचा. "गळतीचा नाही आमच्याकडे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, खरोखरच नव्हता त्याच्याकडे. मी धडकेचाच अर्ज घेतला आणि 'धडक देणारे वाहन' या रकान्यात 'छत' लिहिलं. तो हसला, पण शिक्का मारला आणि आवक क्रमांक दिला. लेखी अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, एवढं मी आयुष्यात आधीच शिकले होते. त्याच अर्जात सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवा अशी मागणी लिहिली. ते पंधरा दिवसांनी पुसून त्यावर नवं चढतं, असं त्यानेच सांगितलं. तो दिवस परतल्यानंतरचा चौथा होता.

स्वतःच्या विमा कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी नीट समजावलं. असं हळूहळू झालेलं नुकसान अपघात म्हणून बसेल का हे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, ठरवणार, बसलं तरी आपल्या हिश्शाची ठरावीक रक्कम मला सोसावी लागणार, वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाणार. रंग तीन भागांपुरताच लावायचा होता, त्यात हे परवडणारं नव्हतं. घटना फक्त कळवून ठेवली.

मग पावतीची मागची बाजू वाचली. तिथे नेहमीचं वाक्य होतं, वाहने मालकाच्या जबाबदारीवर. प्रवेशद्वारावरही हाच फलक, माणूसभर उंचीचा. इथे बरेच जण माघारी फिरतात, मीही फिरले असते. पण एका वकील मैत्रिणीने दोन-तीन जुने खटले वाचायला दिले आणि माझी ती रात्र त्यातच गेली.

१९३७ मधला इंग्लंडमधला एक निकाल माझ्या विरुद्ध जाणारा होता. वाहनतळावरच्या माणसाने गाडी भलत्याच्याच हाती जाऊ दिली, तरी न्यायालयाने वाहनतळवाल्याला जबाबदार धरलं नाही. कारण, त्याने फक्त गाडी उभी करायला जागा दिली होती, गाडी सांभाळायला घेतली नव्हती. तिथल्याच १९७१ च्या निकालात मात्र वारं उलटं. यंत्रातून तिकीट बाहेर येतं, अटी आत खांबावर लावलेल्या. न्यायालय म्हणालं, तिकीट हातात येईपर्यंत व्यवहार होऊन गेलेला असतो, यंत्राशी कोणी वाद घालू शकत नाही, तेव्हा नंतर दिसणाऱ्या अटी गळ्यात मारता येणार नाहीत. तो खटला गाडीचा नव्हता, तिथे जखमी झालेल्या माणसाचा होता. आणि तिसरा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर २०१९ चा. एका हॉटेलात किल्ली देऊन लावायला सोपवलेली गाडी १९९८ मध्ये चोरीला गेली होती. न्यायालयाने सांगितलं की ताबा घेतल्यावर स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी 'मालकाच्या जोखमीवर' या छापील वाक्याने झटकता येत नाही. गंमत म्हणजे तिथे मालकाला पैसे देऊन मोकळी झालेली विमा कंपनीच मालकासोबत तक्रारदार होती.

तिन्ही वाचून माझी जागा कळली. किल्ली माझ्याच खिशात होती, त्यामुळे गाडी त्यांच्या ताब्यात होती असं मी म्हणू शकत नव्हते. आणि खरं तर मला ते म्हणायचंही नव्हतं. कुणीतरी चरा मारून पळून गेलं असतं तर मी बहुधा गप्प बसले असते, कारण त्यात वाहनतळाने काय चुकीचं केलं हे मला सांगता आलं नसतं. इथे गाडीला इमारतीनेच धक्का लावला होता. इमारत सांभाळणं त्यांचं काम, आणि गळतं हे त्यांना माहीत होतं. माझा सगळा अर्ज या एका वाक्याभोवती उभा करायचा होता: माहीत होतं, आणि गाडी लावू दिली.

माहीत होतं हे दाखवायला काकांचं वाक्य पुरेसं होतं. मैत्रीण म्हणाली, नाव घालून लिही, दोन दिवसांत निकाल. मी नाही लिहिलं. ठेक्यावरचा माणूस, आपल्या साहेबांविरुद्ध बोलला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. हे मोठेपणाने सांगत नाही, कारण माझ्याकडे पन्हळ होती. तीच पुरेशी बोलकी होती. शेजारच्या जागेवर गळती थांबवायला पत्रा ठोकणाऱ्याला एक हात पुढे काय चाललंय हे दिसलं नसेल, असं कोण म्हणणार? शिवाय नळ्या. चुनखडीच्या गुहांपेक्षा काँक्रीटखाली त्या कितीतरी झपाट्याने वाढतात, तरी करंगळीएवढी नळी एका रात्रीत होत नाही. छताने स्वतःची तारीख स्वतःच टांगून ठेवली होती.

वर्कशॉपमधल्या रंगाऱ्याने पातळ केलेलं व्हिनेगर कापसाने एका ठिपक्यावर टेकवलं. बारीक बुडबुडे आले, पांढरं विरघळून गेलं, वळं मात्र तसंच. मग त्याने रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं. बॉनेटवर ११२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), टपावर ११८, म्हणजे कंपनीतून आलेला मूळ रंग. मागच्या उजव्या दारावर २४०, ते दोन वर्षांपूर्वी मीच रंगवून घेतलं होतं. वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. उथळ वळी घासून-पॉलिश करून जातील, पण पंधरा-वीस खोल गेली आहेत, तेवढं घासलं तर तो थरच उरणार नाही, असं त्याने दाखवून दिलं. बॉनेट, टप आणि डावं मडगार्ड रंगवायचं, काच साफ होईल. त्याने उत्साहाने एस्टिमेटमध्ये दाराचा जुना ओरखडाही धरला होता. "जाऊ दे ना मॅडम, त्यांच्याच खर्चात होऊन जाईल." तो काढायला लावला. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या नऊ खऱ्या ओळींकडे कोणी बघत नाही. दुसरीकडून आणखी एक एस्टिमेट आणलं. दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

पुढचे तीन महिने टोलवाटोलवीचे. इमारत सार्वजनिक संस्थेची, चालवायला ठेकेदाराला दिलेली. ठेकेदार म्हणाला, छत मालकाचं. मालक कार्यालय म्हणालं, रोजची देखरेख ठेकेदाराची. एकाचं पत्र दुसऱ्याला जोडून पाठवायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याला, एवढंच काम मी केलं. एकदा तर दोघांची पत्रं एकाच दिवशी आली, दोन्हींत "आपली तक्रार योग्य विभागाकडे पाठवावी".

कोंडी फुटली ती करारनाम्याने. सार्वजनिक मालकीची जागा, त्यामुळे कराराची प्रत आणि मागच्या दोन वर्षांचा दुरुस्तीचा पत्रव्यवहार रीतसर अर्ज करून मागता आला. करारात मोठी दुरुस्ती मालकाकडे होती, पण धोक्याची जागा बंद ठेवणं आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी विमा काढणं ठेकेदाराकडे. आणि पत्रव्यवहारात ठेकेदाराचंच एक पत्र निघालं: ब-१४ ते ब-१६ मध्ये छत गळते, पन्हळ बसवावी. माझी गाडी तिथे उभी राहण्याच्या सात महिने आधीचं. पन्हळ आली ती ब-१५ आणि ब-१६ पुरती. पत्रा कमी पडला असेल, दुसरं काय.

ही प्रत जोडून दोघांनाही एकच नोटीस पाठवली. त्यात तीस दिवसांची मुदत आणि त्यानंतर ग्राहक म्हणून दाद मागेन, एवढं साधं लिहिलं. मैत्रिणीने माझ्या मसुद्यातली अकरा विशेषणं खोडली. 'बेजबाबदार', 'निर्लज्ज', 'जनतेच्या पैशावर' वगैरे सगळं गेलं. वाचायला फार बेचव झाली ती नोटीस, पण बाविसाव्या दिवशी ठेकेदाराच्या विमा कंपनीचा फोन आला.

त्यांचे सर्व्हेअर शांत गृहस्थ होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वळ्यांवरून अंगठा फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, जो कोणीही आधी विचारला नव्हता. "हे आमच्याच तळघरात झालं कशावरून? त्याआधी दुसरीकडे गळतीखाली उभी असेल."

सीसीटीव्हीत गाडी आत येताना दिसत होती, पण पहाटेच्या अंधारात बॉनेटवर काय आहे ते दिसणं शक्यच नव्हतं. मी दोन मिनिटं गप्प. आणि मग आठवलं. मोठ्या वाहनतळात गाडी कुठे लावली हे मला कधीच लक्षात राहत नाही. म्हणून उतरल्या उतरल्या खांबाच्या आकड्याचा फोटो काढायची सवय आहे. मोबाइलमध्ये मागे मागे जात शोधला. मधोमध ब-१४, आणि खालच्या कोपऱ्यात फ्लॅशने उजळलेलं माझं बॉनेट, आरशासारखं स्वच्छ. तारीख, वेळ, सगळं त्यात. मी काढलेल्या सत्तर-ऐंशी फोटोंत हा एक फोटो मी कधी अर्जाला जोडलाच नव्हता, कारण तो नुकसानीचा नव्हता.

त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हा मला पाठवा."

पहिला देकार निम्म्याचा आला. कारण, गाडी पाच वर्षांची, रंग जुना, नवा रंग दिल्याने तुमचा फायदाच. मी जाडीचे आकडे पाठवले, रंग मूळचा आहे, आणि तीन भाग पुन्हा रंगवलेली गाडी विकताना घेणारा भाव पाडतो, चढवत नाही, असं लिहिलं. त्यांनी आकडा वाढवला. वर्कशॉपमध्ये गाडी चार दिवस राहिली तेव्हाच्या प्रवासखर्चाला मात्र ठाम नकार. त्यावर अजून दोन महिने भांडता आलं असतं. मी हिशेब केला, माझा वेळ मोजला, आणि सोडून दिलं. शेवटी दुरुस्तीच्या खर्चाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास हाती आले. पावतीवर लिहिलं होतं, कोणतीही जबाबदारी मान्य न करता, पूर्ण व अंतिम. त्या दोन शब्दांखाली सही करण्याआधी गाडी रंगवून, उन्हात उभी करून, रंगाची छटा जुळते का हे पाहून घेतलं. सही झाली की त्याबाबत पुन्हा तोंड उघडता येत नाही. पहिल्या अर्जापासून पैसे जमा होईपर्यंत साडेसात महिने गेले.

परवा त्याच तळघरात जावं लागलं. गाडी लांब लावली आणि चालत ब-१४ पाशी गेले. पन्हळ पुढे वाढवली होती, नवा पत्रा जुन्या गंजलेल्या पत्र्याला रिव्हेट मारून जोडलेला. भिंतीपर्यंत उतार काही जमला नसावा. जोडाच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाली रंगाची रिकामी बादली ठेवलेली. बादलीच्या आत पांढरा थर चढायला सुरुवात झाली होती.

काका शंकू उचलून ठेवत होते. मला पाहून ओळखीचं हसले.

"मिळाले का पैसे?"

मिळाले म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि वाकून बादलीत डोकावले. "आता ही दिवसातनं दोनदा ओतायची. तेवढं काम वाढलं माझं."

मी बादलीची एक कड धरायला हात पुढे केला, तर त्यांनी अडवला. "राहू द्या ताई. हाताला चुना लागेल."